लॅपटॉपवर त्सुनामी: ‘जिओक्लॉ’ किती वेगवान, किती भरवशाचं?

जिओक्लॉ हे फुकट मिळणारं सॉफ्टवेअर आहे. समुद्राचा तळ हलला तर लाट कुठल्या वाटेने जाईल, किनाऱ्याला कधी लागेल आणि जमिनीवर पाणी कुठवर चढेल, याचं गणित ते करतं. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रँडल लेव्हेक यांनी १९९४ मध्ये आणलेल्या क्लॉपॅक या संचाचा हा एक भाग. डेव्हिड जॉर्ज यांनी तिथेच पीएचडी करताना त्सुनामीसाठीचा गाभा लिहिला, समुद्रावर पसरलेली मोजणीच्या खणांची जाळी हवी तिथे बारीक करण्याची, न्यूयॉर्क विद्यापीठाच्या मार्शा बर्जर यांची पद्धत त्याला जोडली गेली, आणि हे उभं राहिलं. आत फोर्ट्रान, बाहेर पायथन, या दोन प्रोग्रामिंग भाषा. परवाना बीएसडी, वापरा, बदला, वाटा.

खिडक्या आणि बटणं शोधू नका, ती नाहीत. सगळं काम टर्मिनलवर आणि ‘सेटरन’ नावाच्या एका पायथन फाईलमध्ये चालतं. ज्यांना फाईल उघडून आकडे बदलायची सवय आहे अशा विद्यार्थ्यांसाठी, किनारी बांधकामाच्या सल्लागारांसाठी आणि आपत्ती व्यवस्थापनाच्या तांत्रिक माणसांसाठी हे आहे. ज्यांना तासाभरात रंगीत नकाशा हवा आहे, त्यांनी इथेच थांबलेलं बरं.

वेग येतो कुठून

‘वेगवान’ म्हटलं की लोक आधी ग्राफिक्स कार्ड विचारतात. जिओक्लॉच्या मुख्य संचात ग्राफिक्स कार्डाचा काही संबंध नाही. ते साध्या प्रोसेसरवर चालतं आणि तरीही दमत नाही, कारण ते बहुतेक समुद्राकडे जेमतेम लक्ष देतं. शब्दांत हे पटत नाही, म्हणून अरबी समुद्राचा हिशेब मांडू.

समजा, १९४५ च्या मकरान (पाकिस्तान-इराणचा किनारा) भूकंपाची लाट श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर मोजायची आहे. क्षेत्र घेतलं ५६ ते ७६ अंश पूर्व आणि १० ते २६ अंश उत्तर. श्रीवर्धनला १ सेकंदाचा (मिनिट-सेकंद हे इथे अंशाचे भाग; १ सेकंद साधारण ३१ मीटर) खण हवा. सगळ्या समुद्रावर तोच खण पसरला तर ७२,००० गुणिले ५७,६००, म्हणजे ४१४ कोटी ७२ लाख खण होतात. प्रत्येक खणाला पाण्याची खोली, दोन दिशांचे प्रवाह आणि तळाची माहिती मिळून सहा आकडे, आठ-आठ बाइटचे. नुसते ते धरून ठेवायलाच २०० जीबीच्या आसपास मेमरी लागते. शिवाय खोल समुद्रात लाट सेकंदाला १८५ मीटर धावते, त्यामुळे काळाची पायरी (एका मोजणीपासून पुढच्या मोजणीपर्यंतचा काळ) ०.१३ सेकंदाच्या वर नेता येत नाही. दहा तासांच्या लाटेला पावणेतीन लाखांवर पायऱ्या. हे घरी होणारं काम नाही.

जिओक्लॉत हेच पाच थरांत, म्हणजे जाड ते बारीक अशा पाच जाळ्यांत, बसवता येतं. पहिला थर ८ मिनिटांचा, म्हणजे १४-१५ किलोमीटरचा खण. अख्ख्या क्षेत्राला १५० गुणिले १२०, फक्त १८,००० खण पुरतात. मग ४, ४, ५ आणि ६ अशा पटींनी बारीक करत गेलात की २ मिनिटं, ३० सेकंद, ६ सेकंद आणि शेवटी १ सेकंद. सर्वांत बारीक थर फक्त श्रीवर्धनभोवतीच्या सहा-सहा किलोमीटरच्या चौकोनावर: चाळीस हजारांच्या आसपास खण. मधल्या थरांची ठिगळं, म्हणजे जाळीचे तुकडे, लाटेच्या मागे सरकत राहतात. लाट पुढे गेली की मागचं ठिगळ सोडून दिलं जातं.

यातली खरी मेख मात्र काळाच्या पायरीत आहे, आणि नवखे ती चुकवतात. बारीक ठिगळ उथळ पाण्यात आहे. तिथे १५ मीटर खोलीला लाटेचा वेग सेकंदाला १२ मीटर, त्यामुळे ३१ मीटरच्या खणालाही जवळपास दोन सेकंदांची पायरी चालते. पण त्यासाठी काळाचं प्रमाण आपोआप ठरवण्याचा पर्याय चालू असावा लागतो. तो बंद करून प्रत्येक थराला जागेइतकीच काळाचीही पट दिलीत, तर पाचव्या थराची पायरी पहिल्याच्या ४८० व्या हिश्श्यावर, म्हणजे पुन्हा ०.१२ सेकंदावर येते. उत्तर तेच, वेळ पंधरा पट. ‘जिओक्लॉ फार हळू चालतं’ ही तक्रार ऐकली की आधी ही ओळ बघावी.

बसवणं आणि पहिली धाव

लिनक्स किंवा मॅक असेल तर अर्ध्या दिवसाचं काम. विंडोजवर थेट बसवण्याच्या भानगडीत पडू नका. विंडोजच्या आतलं लिनक्स चालू करा आणि त्यात बसवा. लागतात तीन गोष्टी: जीफोर्ट्रान हा कंपायलर, पायथन (नमपाय आणि मॅटप्लॉटलिबसह) आणि क्लॉपॅकचं फोल्डर कुठे आहे हे सांगणारं ‘क्लॉ’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल. या तिसऱ्याचा विसर पडला की मेकफाईल काहीच सापडत नाही म्हणून ओरडते.

एकापेक्षा जास्त कोअर वापरायचे तर कंपाइल करतानाच ओपनएमपी या, कोअरांत काम वाटणाऱ्या सोयीचा झेंडा (फ्लॅग) द्यावा लागतो. झेंडा दिला, पण आधीच्या ऑब्जेक्ट फाईली तशाच राहिल्या, तर काही थेट बदलत नाही. सॉफ्टवेअर एकाच कोअरवर निवांत चालत राहतं. झेंडे बदलले की ‘मेक न्यू’ करून सगळं नव्याने कंपाइल करायचंच. त्यानंतर धाव सुरू होताक्षणी ‘सेगमेंटेशन फॉल्ट’ आला, तर गणितात चूक शोधत बसू नका. बहुतेक वेळा स्टॅकची (तात्पुरत्या मेमरीची) मर्यादा कमी पडलेली असते. ती मोकळी करा, प्रत्येक थ्रेडचा स्टॅक १६ एमबीपर्यंत वाढवा, पुढे जा.

पहिली धाव संचातल्याच चिलीच्या उदाहरणाची करावी. २७ फेब्रुवारी २०१० चा ८.८ तीव्रतेचा भूकंप, ६० बाय ६० अंशांचा प्रशांत महासागराचा तुकडा, २ अंशांचे ३० गुणिले ३० खण, आणि २ व ६ च्या पटीने १० मिनिटांपर्यंत बारीक होणारे तीन थर. साध्या लॅपटॉपवर चहा उकळून खाली उतरेपर्यंत नऊ तासांची लाट मोजून होते. पेरूच्या समोर खोल समुद्रात असलेल्या ३२४१२ क्रमांकाच्या दाबमापक बोयाशी उत्तर पडताळता येतं. तिथे लाट होती वीस-पंचवीस सेंटिमीटरची. चार किलोमीटर खोल पाण्यावर वीतभर उंचवटा, आणि तो एवढ्या जाड जाळीतही नीट उमटतो, हे पाहिलं की सॉफ्टवेअरवर विश्वास बसायला सुरुवात होते.

या उदाहरणात आणखी एक धडा आहे. भूकंपाचा पट्टा ४५० किलोमीटर लांब, १०० किलोमीटर रुंद, सरक (खडक किती सरकला) १५ मीटर असा दिला आहे. खडकाच्या कडकपणाची नेहमीची किंमत धरून यावरून तीव्रता काढली तर ८.९ च्या घरात येते, नोंदलेल्या ८.८ पेक्षा थोडी जास्त. स्वतःचा भूकंप घालताना हा उलटा हिशेब दर वेळी करावा. त्यासाठी संचात तयार फंक्शन आहे. लांबी किलोमीटरमध्ये लिहिली आणि एकक मीटरच राहिलं, तर चूक पहिल्यांदा इथेच उघडी पडते.

दुसरी नेहमीची चूक अक्षांश-रेखांशाची. दिलेला बिंदू भ्रंशपट्ट्याच्या (खडक जिथे तुटून सरकला त्या पट्ट्याच्या) वरच्या कडेचा मध्य आहे की पट्ट्याचा मध्यबिंदू, हे वेगळ्या ओळीत सांगावं लागतं. ते चुकलं तर सगळा भ्रंश पट्ट्याच्या अर्ध्या रुंदीइतका सरकतो आणि लाटेचा पहिला उतार-चढाव वेगळाच दिसतो. प्रकाशित अभ्यासांतल्या तक्त्यांत ही गोष्ट प्रत्येक जण आपापल्या रीतीने लिहितो, तेव्हा तक्ता उतरवण्याआधी त्याखालची तळटीप वाचा.

मकरान ते कोकण

२८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे साडेतीनच्या सुमारास मकरान किनाऱ्यावरच्या पसनीजवळच्या समुद्रात ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला. लाट कच्छपर्यंत आणि मुंबईपर्यंत आली, आणि मुंबईत माणसंही दगावली. तिथे ती पोचली सकाळी आठनंतर, म्हणजे पावणेपाच तासांच्या आसपास. अंतर जेमतेम १,२०० किलोमीटर. खोल समुद्रात ताशी साडेसहाशे किलोमीटरने धावणाऱ्या लाटेला एवढा वेळ का लागावा? मुंबईसमोरची समुद्रबूड जमीन (किनाऱ्यालगतचा उथळ तळ) तीनशे किलोमीटर रुंद आहे, तिच्यावर पाणी सरासरी सत्तर-ऐंशी मीटर. वेग खोलीच्या वर्गमुळावर ठरतो, त्यामुळे लाट इथे ताशी शंभरच्या आत येते आणि शेवटच्या तीनशे किलोमीटरना तीन तास घेते. गोवा मकरानपासून तीनशेएक किलोमीटर जास्त लांब, पण तिथली समुद्रबूड जमीन शंभर किलोमीटरच्या आसपास. त्यामुळे गणिताने गोव्याला लाट मुंबईच्या तासभर तरी आधी लागते. जिओक्लॉच्या पहिल्या धावेत हा क्रम उलटा आला, तर तळाची फाईल चुकीची घातली आहे असं खुशाल समजा.

भूकंपासाठी प्रकाशित अभ्यासांत सर्रास वापरले जाणारे आकडे घेता येतात: १३० किलोमीटर लांब, ७० रुंद, सरक ७ मीटर, कल ७ अंशांच्या आसपास. उलटा हिशेब ८.१-८.२ च्या घरात येतो. आता अडचण अशी की पहिल्या थराचा खण १४-१५ किलोमीटरचा, म्हणजे अख्खा भ्रंश नऊ गुणिले पाच खणांत कोंबला जातो. म्हणून पहिली पाचदहा मिनिटं उगमावर तिसरा थर सक्तीने लावायचा आणि नंतर सोडून द्यायचा. तळ हलत असतानाची काळाची पायरीही लहान ठेवायची (चिलीच्या उदाहरणात ०.२ सेकंद आहे), नाहीतर उचल जाड खणांवर आणि लांब पायरीत घसरून जाते.

सर्वांत जास्त लोक फसतात ते लाटेच्या उंबरठ्यावर. समुद्राची पातळी शांत पाण्यापेक्षा किती हलली की जाळी बारीक करायची, तो हा आकडा. चिलीच्या उदाहरणात ०.१ मीटर. तो तसाच उचलून अरबी समुद्रात घातला तर काय होतं बघा. लाट उथळ पाण्यात येताना खोलीच्या चौथ्या मुळाच्या प्रमाणात वाढते. साडेतीन हजार मीटरवरून दहा मीटरवर येताना ती चौपटीहून थोडी जास्त होते. म्हणजे भर समुद्रात ९ सेंटिमीटरची लाट उंबरठ्याखाली राहिल्यामुळे जाड जाळीत पुसली जाते. ती नीट मोजली असती तर किनाऱ्याजवळ ४० सेंटिमीटरची झाली असती. कोकणासाठी ०.०२ मीटर ठेवावा. मग जाळी सगळीकडेच बारीक व्हायला लागते, अगदी ओमानच्या दिशेने जाणाऱ्या लाटेमागेही. त्यावर उपाय म्हणजे क्षेत्रांची यादी: कुठल्या चौकोनात, कुठल्या वेळी, कमीत कमी कुठला आणि जास्तीत जास्त कुठला थर. पश्चिमेकडे दोनच्या वर जाऊ द्यायचं नाही, समुद्रबूड जमिनीवर तीन, रायगडच्या किनाऱ्यालगत चार, श्रीवर्धनला पाच.

पाचवा थर लाट येण्याच्या अर्धा तास तरी आधी चालू करावा. जाड जाळीतली किनाररेषा आणि बारीक जाळीतली किनाररेषा एक नसते. लाट पोचल्यावर ठिगळ लावलं तर काही खण ओल्याचे कोरडे, काही कोरड्याचे ओले होतात आणि खोटी खळबळ उमटते. शांत समुद्रावर ठिगळ लावलं तर तो शांतच राहतो. ही जिओक्लॉच्या सोडवणीची चांगली बाजू आहे, आणि तिची चाचणी म्हणून भूकंप न घालता एक धाव करून बघावी. मापकांवर (पाण्याची पातळी नोंदवायला नेमलेल्या बिंदूंवर) पाणी मिलिमीटरभरही हललं नाही, तर फाईली जुळल्या.

चौकोनांचे आकडे डोळ्यांनी तपासणं अशक्य आहे. संचातली एक सोय क्षेत्रं आणि मापकं गूगल अर्थवर काढून देते. श्रीवर्धनचा चौकोन चुकून हरिहरेश्वरच्या डोंगरावर बसला आहे हे धाव संपल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

तळ आणि जमीन: इथेच सगळं बिघडतं

जिओक्लॉ तळाच्या कितीही फाईली घेतं आणि जिथे त्या एकमेकींवर येतात तिथे सर्वांत बारीक फाईल वापरतं. सोयीचं आहे, पण शिवण तपासायची जबाबदारी तुमची. खोल समुद्रासाठी जगभरच्या समुद्रतळाची जेब्को ही फाईल ठीक: १५ सेकंद, म्हणजे साडेचारशे मीटर, फुकट. किनाऱ्याजवळ मात्र जेब्कोवर विसंबू नका. कोकणातली दीडशे मीटर रुंदीची खाडी या खणात मावतच नाही. मॉडेलला ती दिसत नाही. आणि कोकणातल्या गावांत पाणी पुळणीवरून चढण्याआधी खाडीतून मागच्या दाराने शिरतं. पुळणीमागे वाळूची टेकाडं असतात, खाडीकाठी सपाट शेत. खाडी नसलेल्या नकाशावर गाव सुरक्षित दिसतं आणि ते साफ खोटं असतं.

म्हणून शून्य ते वीस मीटर खोलीचा पट्टा नौदलाच्या देहरादूनच्या जलसर्वेक्षण कार्यालयाच्या सागरी नकाशांवरून भरावा लागतो. इथे दोन खड्डे आहेत. एक, सागरी नकाशावर खोली धन आकड्यात असते; जिओक्लॉला समुद्रसपाटीच्या वर धन आणि खाली ऋण हवं. चिन्ह उलटं राहिलं तर समुद्राचा डोंगर होतो. (फाईलच्या प्रकाराच्या क्रमांकाला ऋण चिन्ह दिलं की सॉफ्टवेअर आकडे स्वतःच उलटवतं.) दुसरा खड्डा जास्त घातक, कारण तो दिसत नाही: सागरी नकाशाचा शून्य म्हणजे मध्यम समुद्रसपाटी नव्हे, तर ओहोटीच्या अगदी खालच्या पाण्याजवळची पातळी. मुंबईला या दोहोंत जवळपास अडीच मीटरचं अंतर आहे. जमिनीची फाईल एका शून्यावर आणि समुद्राची दुसऱ्यावर असेल, तर किनाऱ्यावर अडीच मीटरची पायरी तयार होते आणि लाट तिला आपटून परत जाते. मोजायची लाटच दीड-दोन मीटरची असताना अडीच मीटरची चूक म्हणजे उत्तर फेकून देण्याच्या लायकीचं.

जमिनीसाठी फुकटातल्या उंचीफाईली ३० मीटरच्या आहेत. त्या उपग्रहाला जे वरून दिसलं त्याची उंची सांगतात. माड-पोफळीच्या वाडीत ती झाडांच्या शेंड्यांकडे झुकते. वाडी पाच-सात मीटर उंच दिसते आणि पाणी तिच्याबाहेरच थांबतं. झाडं-इमारती वजा केलेल्या फाईली मिळतात, त्या घ्याव्यात, आणि तरीही चार ठिकाणी प्रत्यक्ष लेव्हल घेऊन पडताळावं. खाडीवरचा पूल उंचीफाईलमध्ये धरणासारखा उभा असतो. तो हाताने कापून खाली तळाची खोली भरावी लागते. ही किरकोळ दुरुस्ती वाटते, पण पुलाच्या आतल्या बाजूचं सगळं गाव तिच्यावर अवलंबून असतं.

भरतीचा प्रश्न वेगळाच. जिओक्लॉत भरती-ओहोटी चालत नाही. समुद्राची एक स्थिर पातळी ठरवायची आणि त्यावर लाट सोडायची. उधाणाची भरती धरायची तर मुंबईजवळ मध्यम पातळीच्या वर साधारण दोन मीटर. हा आकडा घातला की त्या उंचीखालची सगळी जमीन सुरुवातीलाच पाण्याखाली दिसते. कोकणातल्या खारबंदिस्तीमागची भातशेती, गोव्यातली खाजणं, ही सगळी मुळातच भरतीच्या पातळीखाली. बांध आणि उघाड्यांनी कोरडी राखलेली. ३० मीटरच्या खणात तीन-चार मीटर रुंदीचा बांध विरघळून जातो. उपाय दोन आहेत आणि दोन्ही लागतात. बांधाची माथ्याची रेषा जमिनीवर मोजून त्या खणांना हाताने उंची द्यायची. आणि ‘सक्तीने कोरडं’ अशी खूण असलेली वेगळी फाईल करून बांधामागची जमीन सुरुवातीला कोरडी आहे असं सांगायचं. ही सोय गेल्या काही आवृत्त्यांत आली आहे आणि आपल्या किनाऱ्यासाठी तिच्याइतकं उपयोगाचं दुसरं काही आलेलं नाही. मात्र ही खूण फक्त सुरुवातीपुरती. लाटेने बांध ओलांडला की आत पाणी शिरतं, तेही बांध शाबूत आहे असं धरून. बांध फुटतो हे जिओक्लॉला माहीत नाही. फुटलेल्या बांधाची वेगळी धाव करावी.

उत्तरं वाचताना

मापकाची फाईल पहिल्यांदा उघडणारा हमखास दचकतो. जमिनीवर ठेवलेल्या मापकात पाण्याची पातळी म्हणजे तळाची उंची अधिक पाण्याची खोली. खण कोरडा असेल तर पातळी म्हणून जमिनीचीच उंची येते. सहा मीटर उंच टेकाडावरच्या मापकाने ‘सहा मीटर’ दाखवलं म्हणजे लाट आलेली नाही. खोलीचा रकाना बघायचा. शिवाय मापक त्या क्षणी तिथे असलेल्या सर्वांत बारीक ठिगळावरून वाचतो. थर बदलला की आलेखात टप्पकन उडी येते. थराचा क्रमांक त्याच फाईलमध्ये असतो, त्यावरून उडी खरी की जाळीची हे ओळखता येतं.

पूररेषेसाठी ठरावीक वेळांची चित्रं घेऊ नका. दोन चित्रांच्या मध्ये पाणी येऊन गेलेलं असतं. कमाल नोंदवणारी वेगळी जाळी असते, तीच वापरा. प्रत्येक बिंदूवरची जास्तीत जास्त खोली, वेग आणि लाट पोचण्याची वेळ ती साठवते. तिचे बिंदू सर्वांत बारीक थराच्या खणांच्या बरोबर मध्यावर बसवावे लागतात. अर्ध्या खणाने जरी हलले तरी ओल्या आणि कोरड्या खणांची सरासरी निघून किनाऱ्यावर काल्पनिक पाणी दिसतं. आउटपुट मजकुराऐवजी बायनरीत घ्या, नाहीतर हार्ड डिस्क भरते.

पडद्यावर ‘कूरांट नंबर (एका पायरीत लाट किती खण ओलांडते तो आकडा) मर्यादेबाहेर’ असा इशारा एखाद्या वेळी आला तर सोडून द्यावा. सतत येत असेल तर सुरुवातीची पायरी मोठी आहे किंवा उंचीफाईलमध्ये कुठेतरी सुळका आहे, ज्यावरून पातळ पाणी अवाजवी वेगाने घसरतंय. खडकाळ कड्यांपाशी हे हटकून होतं.

मर्यादा आणि दुसरे पर्याय

मोठ्या भूकंपाच्या लांब लाटांसाठी उथळ पाण्याची समीकरणं पुरतात, आणि तिथे जिओक्लॉ तावून-सुलाखून निघालेलं आहे. १९९३ च्या ओकुशिरी त्सुनामीत मोनाई खोऱ्यात पाणी तीस मीटरच्या वर चढलं होतं. त्याच्या ४०० पट लहान प्रयोगशाळेतल्या प्रतिकृतीसह अमेरिकेच्या राष्ट्रीय त्सुनामी कार्यक्रमाच्या २०११ च्या चाचण्या त्याने दिल्या आहेत. वॉशिंग्टन राज्यात वेस्टपोर्टच्या ओकोस्टा शाळेच्या इमारतीवर त्सुनामीत वर चढून जाण्याची गच्ची २०१६ मध्ये झाली, अमेरिकेतली तशी पहिली. तिच्यासाठी लाटेचं गणित याच सॉफ्टवेअरवर झालं. समुद्रतळावरची दरड कोसळून उठणाऱ्या आखूड लाटांना मात्र साधी समीकरणं पुरत नाहीत. अलीकडच्या आवृत्त्यांत त्यासाठी बुसिनेस्क समीकरणांची सोय आहे, पण ती पेट्स्क ही वेगळी लायब्ररी मागते, बसवायला चिवट आहे आणि धाव बरीच मंदावते. गरज नसेल तर वाटेला जाऊ नका.

घर्षणाचा मॅनिंग गुणांक सगळीकडे ०.०२५ असतो. तो जमीन आणि समुद्रासाठी वेगळा, किंवा भागाभागाने वेगळा देता येतो. कांदळवनाला मोठा आकडा द्यायचा मोह होतो. त्याने आतली पूररेषा सुखद दिसते. गावाच्या आराखड्यासाठी काम असेल तर एक धाव कांदळवन नसल्यासारखी करा आणि तीच छापा. एकेका भिंतीवरचा दाब किंवा इमारतीभोवतीचा भोवरा हे खोलीची सरासरी घेणाऱ्या कुठल्याच सॉफ्टवेअरकडून मागू नये.

चक्रीवादळाचं उधाण मोजायचीही सोय यात आहे. ‘निसर्ग’सारख्या (३ जून २०२०) वादळाचा मार्ग देऊन पहिला अंदाज घ्यायला ठीक, पण वाऱ्याने उठलेल्या लाटांचा फुगवटा आणि भरतीची वेळ यात येत नाही, आणि कोकणात अर्धा खेळ भरतीच्या वेळेचाच असतो. त्या कामाला अॅडसर्कसारखं सॉफ्टवेअर जास्त योग्य.

वेगाची तुलना करायची तर मालागा विद्यापीठाचं त्सुनामी-हायसी ग्राफिक्स कार्डावर चालतं आणि याच्या कितीतरी पुढे आहे. इशारा केंद्रं ते वापरतात. त्याचा सोर्सकोड असा उघडा पडलेला नाही. सेलेरिस ब्राउझरमध्ये चालतं. बंदर किंवा एखादी पुळण डोळ्यांसमोर लाटांनी हलताना बघायची असेल तर तेच घ्या, विद्यार्थ्यांना शिकवायला त्याला तोड नाही. मात्र त्याची जाळी एकाच मापाची, त्यामुळे मकरानपासून श्रीवर्धनपर्यंतचा प्रवास आणि श्रीवर्धनची गल्ली एकाच धावेत त्यात बसत नाही. हैदराबादच्या इन्कॉइस या महासागर माहिती संस्थेतलं भारतीय त्सुनामी इशारा केंद्र तोहोकू विद्यापीठाच्या तुनामी-एन२ या सॉफ्टवेअरवर आधीच मोजून ठेवलेल्या धावांच्या साठ्यातून उत्तर उचलतं, कारण भूकंप झाल्यावर जाळ्या रचत बसायला कोणाला वेळ नसतो. जिओक्लॉची जागा त्याच्या आधीची: शांतपणे, एकेका गावाची पूररेषा काढण्याची.

यंत्राचं म्हणाल तर १६ जीबी मेमरी आणि आठ कोअर पुष्कळ झाले. कोअर त्याच्या फार वर नेऊन फायदा नाही. काम ठिगळागणिक वाटलं जातं, एक ठिगळ मुळात कुठल्याही बाजूने ६० खणांपेक्षा मोठं नसतं, आणि ठिगळं संपली की उरलेले कोअर हात बांधून बसतात. एका गावाची धाव रात्री लावून सकाळी बघता येते. तळाच्या फाईली नीट करायला मात्र महिनाभर धरा, आणि वाचलेला पैसा खाडीच्या मुखाशी होडीतून खोली मोजून आणण्यावर घालवा.